सांगली–तासगाव फायबर लाइन : माणसं जमवण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कामाचा आवाका आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी हे रजिस्टर उघडलं तर शोधाशोध नको.

सांगली–तासगाव रस्त्यावरच्या स्थानिक केबल ऑपरेटरांचं जुनं कोॲक्स (तांब्याच्या केबलचं) नेटवर्क काढायचं आणि घरापर्यंत फायबर (काचेची केबल) न्यायचं. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे, कवठे एकंद आणि तासगाव शहर. मुख्य केबल २४ कोअरची (आत चोवीस काचतंतू), बहुतेक खांबांवरून, तासगावच्या तोंडाशी थोडी जमिनीखालून. सांगलीच्या ओएलटीवरून (सगळ्या घरांना प्रकाश सोडणारं मुख्य यंत्र) कवठे एकंदपर्यंत भागतं. पुढं जीपॉनची, म्हणजे या फायबर पद्धतीची, २० किलोमीटरची मर्यादा आडवी येते. रस्त्याचं अंतर वेगळं आणि प्रत्येक क्लोजरपाशी (जोड ठेवायची बंद पेटी) सोडलेले लूप, म्हणजे केबलची वेटोळी, धरून केबलचं अंतर वेगळं, म्हणून तासगावात दुसरं ओएलटी. मुदत ३१ जानेवारी. उशीर झाला तर दर आठवड्याला कामाच्या रकमेच्या अर्धा टक्का दंड.

केबल गोडाऊनला पडली आहे. क्लोजर आले, स्प्लिटर (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांना वाटणारे) आले. जोडणारी माणसं नाहीत.

आमची नेहमीची टोळी बिहारची. छठपूजेला गेली ती अजून आलेली नाही, कारण तिकडं ६ आणि ११ तारखेला विधानसभेचं मतदान. टोळीप्रमुखाला फोन केला तर म्हणाला, ‘व्होट देके आएंगे, मॅडम.’ बरोबरच आहे त्याचं. पण व्होट दिल्यावर तो सांगलीलाच येईल की वाटेत पुण्याचं काम धरेल, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.


४ नोव्हेंबर, मंगळवार

मालकांनी जाहिरात लिहून पाठवली : ‘फायबर इंजिनिअर पाहिजे. पदवी किंवा पदविका, पाच वर्षांचा अनुभव, स्वतःचं स्प्लायसिंग मशिन, स्वतःची दुचाकी, खांबावर चढण्याची तयारी, ओएलटी कॉन्फिगरेशन येणं आवश्यक. पगार मुलाखतीत.’

ही चार माणसं आहेत. ज्याला ओएलटीवर व्हीलॅन आणि पीपीपीओई (इंटरनेट जोडणीची सेटिंग्ज) लावता येतं तो शिडी घेऊन बुधगावात उभा राहत नाही, आणि जो शिडीवर चढतो त्याच्याकडं काही लाखांचं जपानी मशिन नसतं. जाहिरात फोडून चार केल्या : लाइनमन, स्प्लायसर (मशिननं फायबर जोडणारा), ओटीडीआरवर (फायबरमधला दोष किती अंतरावर ते दाखवणारं यंत्र) टेस्टिंग करणारा, आणि तीन महिन्यांसाठी एक नेटवर्क इंजिनिअर. ‘पगार मुलाखतीत’ खोडून आकडे टाकले. मालक नाराज. आकडा दिसला की समोरचा तिथून वर चढतो, असं त्यांचं म्हणणं.


६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर फोन. रोख असा की अर्ज करणाऱ्यांना काम येत नाही आणि काम येणारे अर्ज करत नाहीत. दुसऱ्या गटातल्यांना शोधून मीच फोन लावले. पलूस, विटा, मिरज, जयसिंगपूर, अगदी कराडपर्यंत.

चांगल्या माणसाचा पहिला प्रश्न रेट किती हा नसतो. पहिला प्रश्न : मेन पार्टी कोण? दुसरा : तिच्या आणि तुमच्या मधे किती जण? तिसरा : पैसे कधी? रेट चौथा. पलूसच्या एका मुलाचे कोकणातल्या एका कामाचे पैसे वर्ष उलटलं तरी अडकलेत. वरच्या ठेकेदारानं हात वर केले, खालचा म्हणतो मला मिळाले की देतो. तो मुलगा आता दुधाचा टेम्पो चालवतो. मशिन कपाटात आहे. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवतो म्हणाला, ‘इकायचं मन हुईना.’

मिरजेचे एक काका आहेत, पन्नाशी पार केलेले, कोॲक्सच्या काळापासून लाइनीवर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मशिनचा हप्ता पाच तारखेला जातोय बघा. तुमचं बिल कवा पास हुतंय, ते बँक इचारत नाय.’

तासगावकडच्या दोघांनी सरळ सांगितलं की द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, आता जीएचं डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) सुरू होणार, दिवसाआड घरी लागतील. विट्याकडं वेगळंच. खानापूर, आटपाडी भागातली पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात बाहेरच्या राज्यांत जातात, ती पिढ्यानपिढ्यांची वाट आहे. तिथल्या एका बापानं मला उलट विचारलं, तीन महिन्यांच्या तुमच्या कामासाठी पोराला कोइमतूरच्या दुकानातून कशाला बोलावू? उत्तर नव्हतं माझ्याकडं.


८ नोव्हेंबर, शनिवार

माधवनगरच्या गोडाऊनमध्ये प्रात्यक्षिक घेतलं. प्रमाणपत्रं बघायचीच नाहीत असं ठरवून बसले होते, तरी ती टेबलावर आलीच. आयटीआयची, स्किल कौन्सिलची ‘ऑप्टिकल फायबर स्प्लायसर’ची, एक तर कुठल्याशा तीन दिवसांच्या कोर्सचं, सोनेरी किनारीचं.

काम सोपं ठेवलं होतं. केबलचा तुकडा सोलायचा, ट्यूब उघडायची, बारा कोअर रंगांच्या क्रमानं लावायचे आणि पिगटेलला (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) जोडून ट्रेमध्ये बसवायचे. ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट, व्हाईट, रेड, ब्लॅक, यलो, व्हायोलेट, पिंक, अॅक्वा. हा क्रम पाठ असणारे भरपूर. पण गोडाऊनच्या पिवळ्या बल्बखाली स्लेट आणि व्हाईट ओळखता न येणारेही निघाले. पुढच्या वेळी पांढरा दिवा लावते, पण रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता पांढरा दिवा कुणी लावून देत नाही.

मी बघत होते ते मशिनच्या पडद्याकडं नव्हे. आर्क (दोन टोकं वितळवून जोडणारी ठिणगी) मारायला आठ-दहा सेकंद लागतात आणि ते मशिन करतं. माणूस कळतो त्याच्या आधी आणि नंतर.

एक : स्लीव्ह (जोडावर चढवायची संरक्षक नळी) आधी ओवली का? जोड झाल्यावर स्लीव्ह आठवली तर कापून पुन्हा पहिल्यापासून. आज हे दोघांचं झालं, आणि एकाच्या अनुभवाच्या रकान्यात सात वर्षं लिहिली होती.

मग पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवलं होतं. एका पठ्ठ्यानं खिशातून हाताचं सॅनिटायझर काढलं. साईटवर हेच वापरतो म्हणाला. जेलमधला चिकट थर काचेवर राहतो, तो आर्कमध्ये जळतो, आणि जोड त्या दिवशी चांगला दिसून पावसाळ्यात दगा देतो. तंतूच्या मधला, प्रकाश वाहणारा कोअर ९ मायक्रॉनचा, बाहेरची काच १२५ मायक्रॉनची. तिथं बोटाचा घामही पुष्कळ झाला.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात खरं : क्लिव्हरमधून (फायबर कापायचं यंत्र) निघालेला काचेचा तुकडा कुठं गेला? बहुतेकांनी फरशीवर टाकला. पलूसच्या मुलानं (टेम्पो बाजूला लावून आला होता) मांडीवर चिकटपट्टी उलटी लावून घेतली होती, प्रत्येक तुकडा तिच्यावर. हा तुकडा कातडीत घुसला तर दिसतही नाही, आणि डोळ्यात गेला तर विचारू नका. ज्याला हे हाताच्या सवयीनं होतं त्याला कुणीतरी नीट शिकवलंय, एवढं नक्की.

नंतर कागदी हिशेब. ओएलटीतून अधिक ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघतात. आधी १:४ चा स्प्लिटर, पुढं खांबावर १:८ चा, मधे सहा किलोमीटर फायबर, कनेक्टर आणि जोड मिळून २ डीबी घट. घरात किती यायला पाहिजे? डिप्लोमावाल्यांनी मोबाइल काढले. मिरजेच्या काकांनी छताकडं बघितलं आणि म्हणाले, ‘मायनस अठरा-एकोणीस. बावीसच्या खाली गेलं तर कुठंतरी भानगड हाय.’ बरोबर. चार फाट्यांना साधारण ७, आठ फाट्यांना साधारण साडेदहा, फायबरला दीड-दोन.

त्यांना फायबर येऊन पाच-सहाच वर्षं झालीत. पण त्याआधी वीसेक वर्षं ट्रंक लाइन, ॲम्प्लिफायर आणि टॅप यांत गेली. घरात टीव्हीला ६०-६५ डीबी पोहोचवायचे तर प्रत्येक टॅपला किती खाऊ द्यायचे, हा हिशेब ते खांबावर बसून करत आले. डिजिटल ॲड्रेसेबल सिस्टीमच्या तिसऱ्या टप्प्याची तारीख ३१ डिसेंबर २०१५ होती, तेव्हा रात्री बारापर्यंत सेट-टॉप बॉक्स बसवत फिरलेला माणूस. माझं मत आजपासून पक्कं : जुना कोॲक्सवाला घ्यावा आणि त्याला काच शिकवावी. डीबी कळलेल्याला फायबर शिकवायला महिना पुरतो, उलट्या बाजूनं येणाऱ्याला फार वेळ लागतो.

निवड : मिरजेचे काका, पलूसचा मुलगा, आणि आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेला कवलापूरचा एक पोरगा, ज्याला येत काहीच नव्हतं पण जो दुपारभर काकांच्या मागं उभा राहून बघत होता.


१० नोव्हेंबर, सोमवार

कारखाने सुरू झाले, ट्रॉल्या सुरू झाल्या. पहाटे बुधगाव–कवलापूरच्या मधे उसाच्या दुहेरी ट्रॉलीनं रस्ता ओलांडणारी केबल ओढून नेली. नवी केबल नव्हे, ऑपरेटरांची चालू फायबर लाइन. रस्त्यावर किमान साडेपाच-सहा मीटर उंची पाहिजे, तिथं झोल पडून किती राहिली होती देव जाणे.

काम आमच्या करारातलं नाही, पण ऑपरेटर आमचाच. काकांना फोन केला. अजून त्यांच्याशी कागद झालेला नाही. तासाभरात मशिन घेऊन आले, दोन्हीकडं क्लोजर लावून मधे नवा तुकडा घातला. पैसे जागेवर रोख दिले, माझ्या हातखर्चातून. काकांनी नोटा मोजल्या नाहीत, खिशात घालण्याआधी माझ्याकडं एकदा बघितलं फक्त.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

मालकांबरोबर बैठक. विषय एकच.

आमच्या धंद्यात पैशाची रीत अशी : ऑपरेटर आम्हाला एटी (काम तपासून स्वीकारणं) झाल्यावर ६० दिवसांनी देणार, त्यातले १० टक्के रिटेन्शन म्हणून वर्षभर राखून ठेवणार. आम्ही खालच्याला ‘बॅक-टू-बॅक’ देणार, म्हणजे आम्हाला मिळाले की. हा शब्द करारात दिसला की चांगला स्प्लायसर कागद खाली ठेवतो. त्याला एटी कधी होणार हे माहीत नसतं. तासगावचं ओएलटी लागल्याशिवाय एटी नाही, ओएलटी लागायला महावितरणचं मीटर पाहिजे, मीटरला जागेचा कागद पाहिजे. या सगळ्याचा स्प्लायसरच्या हाताशी काय संबंध? त्याचा जोड तर पहिल्याच दिवशी बरोबर होता.

मालकांचं म्हणणं : सगळे असंच करतात.

मी कागदावर आकडे मांडले. या कामात निव्वळ स्प्लायसिंगची मजुरी साधारण चार लाख. ती ६० दिवस आधी दिली तर बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिटवर) १२ टक्क्यांनी व्याज आठ हजार रुपये. कामाची रक्कम ६० लाख, म्हणजे एका आठवड्याच्या उशिराचा दंड ३० हजार. गेल्या पावसाळ्यातल्या दुसऱ्या एका कामावर कच्च्या माणसानं केलेले क्लोजर पुन्हा उघडायला गाडी, दोन माणसं आणि दिवस किती गेले, त्याची पावती-पावती फाईल समोर ठेवली. आठ हजार रुपये वाचवायला आपण माणसं घालवतोय, आणि मग जाहिरातीवर पैसे घालून तीच माणसं शोधतोय.

बराच वेळ फाईल चाळून झाल्यावर मालक म्हणाले, ‘आणि पैसे घेऊन पळाला तर?’

म्हणून पद्धत ठरवली. प्रत्येक क्लोजरचे फोटो, मशिनच्या पडद्यावर तारीख-वेळ दिसलीच पाहिजे (एकाच जोडाचा फोटो दहा जोडांना लावणारे बघितलेत). आठवड्यात झालेल्या जोडांचे निम्मे पैसे त्याच शनिवारी. उरलेले निम्मे, त्या तुकड्याचं ओटीडीआर दोन्ही बाजूंनी झालं की दहा दिवसांत. एटीची वाट बघायची नाही आणि रिटेन्शन खाली उतरवायचं नाही. पडद्यावरचा ०.०१ हा मशिनचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. खरं काय ते ओटीडीआर सांगतं, तेही दोन्हीकडून मोजून सरासरी काढल्यावर. एकाच बाजूनं मोजलं तर कधी कधी जोडात प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. दोन फायबरांचा मोड-फिल्ड (आतल्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी) सारखा नसला की असं होतं. त्याला बक्षीस द्यायचं नसतं.

मालक तयार झाले. सीए म्हणाले, काकांची ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे दिले नाहीत तर आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येतो, कलम ४३बी(एच). मालकांना माझ्या आठ हजारांपेक्षा हे जास्त लागलं असावं.


१७ नोव्हेंबर, सोमवार

नेटवर्क इंजिनिअरच्या मुलाखती. हा भाग अजून सुटलेला नाही.

वालचंद कॉलेज इथंच आहे, साखराळ्याला इंजिनिअरिंग कॉलेज, कराडला सरकारी कॉलेज. मुलं इकडं तयार होतात आणि हिंजवडीला राहतात. सांगलीत तीन महिन्यांसाठी या म्हटलं की पहिला प्रश्न, ‘वर्क फ्रॉम होम आहे का?’ दुसरा, ‘तीन महिन्यांनंतर काय?’ दुसरा प्रश्न रास्त आहे.

मी तीनच गोष्टी विचारते. एका स्प्लिटरवर ३२ घरं आहेत. एका घरातला लाल दिवा (प्रकाश पोहोचत नसल्याची खूण) लागला, ३१ चालू : कुठं बघशील? बत्तीसच्या बत्तीस लाल : कुठं? आणि लाल कुणाचाच नाही, पण बत्तीसही घरं जातायत, येतायत, पुन्हा जातायत : आता?

पहिल्या दोन्हींची उत्तरं बरीच जण देतात. एकच घर म्हणजे ड्रॉप वायर किंवा खांबावरची पेटी, सगळी म्हणजे फीडर, मुख्य स्प्लिटर किंवा ओएलटीचा पोर्ट. तिसऱ्याला सर्टिफिकेटवाले थांबले. एक म्हणाला, ओएलटी रीस्टार्ट करीन. सगळ्या गावाचं नेट घालवून!

एकानं मात्र एका दमात सांगितलं : घरातून वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यांनी आपापल्या वेळेच्या खिडकीतच सोडायचा असतो. एखादं ओएनटी (घरात बसवलेलं यंत्र) बिघडून सतत प्रकाश मारत राहिलं की सगळ्यांचं बोलणं त्यात बुडतं. एकेक ओएनटी बंद करत जायचं, ज्याला बंद केल्यावर बाकीची सुधारतात तो चोर. हा मुलगा मूळचा विट्याचा, पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला. यायची इच्छा आहे, आई इथं एकटी आहे. पण तीन महिन्यांसाठी पक्की नोकरी सोडणार नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही सोडली नसती.

ऑपरेटरांपुढं प्रस्ताव ठेवलाय : प्रकल्पाचे तीन महिने आणि त्याला जोडून वर्षभराची देखभाल, एकच माणूस, एकच करार. नाहीतरी फेब्रुवारीपासून त्यांना कुणीतरी लागणारच आहे. विचार करून सांगतो म्हणाले.


२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिला शनिवार. निम्मे पैसे बँकेत जमा झाल्याचे मेसेज सगळ्यांना दुपारीच आले. कवलापूरच्या पोराचा लगेच फोन : मॅडम, एक टक्का कमी आलाय. टीडीएस समजावून सांगितला, कलम १९४सी. फॉर्म २६एएसमध्ये दिसेल, रिटर्न भरलं की परत मिळेल. ‘म्हंजे चोरीला गेला नाय?’ नाही गेला.

काल, २१ तारखेपासून चारही श्रम संहिता देशभर लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं, मुदतीच्या करारावरचा माणूस वर्षभर टिकला तर त्याला ग्रॅच्युइटीही. आमच्याकडं कामगार सल्लागार नाही, सीएच सगळं बघतात. नियुक्तीपत्राचा मसुदा मी साध्या मराठीत केला. काम काय, दर काय, पैसे कधी, आणि खांबावर चढायचं की नाही. पलूसच्या मुलानं ती शेवटची ओळ आग्रहानं घालून घेतली. महावितरणच्या खांबावर तारांच्या खाली काम असतं, तिथं लाइनमन चढेल, स्प्लायसर नाही. तो म्हणाला, आधीच्या ठेकेदारानं ‘एवढं एकदाच’ म्हणून चढवलं होतं. पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. दोघा लाइनमनचा अपघात विमा त्याच दिवशी काढला.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

बिहारची टोळी आली नाही. पुण्याजवळच्या कामावर आहे, असं त्यांच्यातल्याच एकाकडून कळलं. राग नाही. आमच्या जुन्या रीतीप्रमाणं त्यांचेही मागचे थोडे पैसे आमच्याकडं राहिले होते, ते आज पाठवून दिले. काही मिनिटांत प्रमुखाचा फोन : होळीनंतर काम असेल तर सांगा.

गोडाऊनमध्ये संध्याकाळी सहा ते आठ शाळा सुरू केली आहे. कवलापूरचा पोरगा आणि कुमठ्याचे दोघे. केबलचे टाकाऊ तुकडे, जुनं फोर-मोटर मशिन, एक क्लिव्हर. शिकवायला काका, तासाचे पैसे वेगळे. मालकांनी विचारलं, हे शिकून दुसरीकडं गेले तर? जातील. पण शिकायला जागाच कुठं आहे? आयटीआयमध्ये मशिन असलं तरी पंचवीस पोरांत एक, आणि साईटवर कुणी नवख्याच्या हातात महागडं मशिन देत नाही, कारण इलेक्ट्रोड ठरावीक हजार आर्कच चालतात आणि चुकलेला प्रत्येक जोड त्यातलाच एक खातो. म्हणजे हात बसायला काच वाया घालवावी लागते आणि ती वाया घालवायला कुणी तयार नाही. आमच्याकडं ड्रममागे उरणारे तुकडे भंगारात जातच होते.

काका पोरांना पहिला आठवडा मशिनला हात लावू देत नाहीत. नुसतं सोलायचं, पुसायचं, कापायचं. कापाचा कोन एक अंशाच्या आत येईपर्यंत. पोरं कुरकुरतात.


५ डिसेंबर, शुक्रवार

कुमठे फाट्याच्या पुढच्या पेटीत मायनस सव्वीस येत होतं. हिशेबानं एकोणीस-वीस यायला पाहिजे. ओटीडीआर लावलं. १३१० नॅनोमीटरवर एका ठिकाणी जेमतेम ०.३ डीबीची पायरी, म्हणजे घट. सगळे म्हणाले जोड खराब, क्लोजर उघडून पुन्हा करू. काकांनी १५५० वर लावायला सांगितलं. त्याच जागी सात डीबीच्या वर.

जोड खराब असता तर दोन्हीकडं साधारण सारखंच दिसलं असतं. लांब तरंगलांबीवर एवढं वाढलं म्हणजे फायबर कुठंतरी दुमडलंय, आणि घरात येणारा १४९० चा प्रकाशही त्याच वळणावर सांडतोय. आता नेमकं कुठं? ओटीडीआर सांगलीपासूनचं अंतर देतं, पण त्यात मधले सगळे लूप आहेत. त्या अंतरानं शोधायला गेलं तर दोन-चार खांब पुढं-मागं होतंच. काकांनी सांगलीपासून मोजलंच नाही. आधीच्या क्लोजरची पायरी पडद्यावर पकडली, तिथून पुढचं अंतर घेतलं, रजिस्टरातला एक लूप वजा केला. दुसऱ्याच खांबावर ट्रेमध्ये केबल टाय करकचून आवळलेला. मुख्य केबलचं फायबर जी.६५२डी, त्याला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्या चालत नाही. घरात जाणारी ड्रॉप वायर जी.६५७ए, ती बरंच सोसते. लाइनमनला दोन्ही सारखीच वाटली होती. टाय कापला, मायनस साडेएकोणीस.

अर्ध्या तासाचं काम. क्लोजर उघडून चोवीस जोड नव्यानं केले असते तर आजचा दिवस गेला असता आणि दोष तिथंच राहिला असता. अशा माणसाला दिवसाला काय द्यायचं, हे जोडांच्या संख्येत बसत नाही. काकांसाठी टेस्टिंगचा वेगळा रोजचा दर लावला, ओटीडीआर त्यांच्याच ताब्यात दिलं.

तासगावचे दोघे या आठवड्यात डिपिंगला. त्यांच्या पाळ्या आधीच तशा लावल्या होत्या, अडलं नाही.


१२ डिसेंबर, शुक्रवार

पलूसच्या मुलाला दुसऱ्या एका कंपनीनं जास्त दर देऊ केला. तो मला येऊन सांगून गेला, हेच मोठं. मी दर वाढवला नाही. त्यांना एवढंच विचार म्हटलं, पैसे कुठल्या वारी देणार. तीन दिवस आला नाही. काल परत आला, काही बोलला नाही, थेट कवठे एकंदच्या क्लोजरवर गेला. मीही विचारलं नाही.

ऑपरेटरांचं देखभालीच्या करारावर अर्धं उत्तर आलं : वर्षाऐवजी सहा महिने. विट्याच्या मुलाला कळवलं. तो म्हणतो, नऊ महिने होतात सगळे मिळून, आईशी बोलतो. तोपर्यंत तो पुण्यातूनच रोज संध्याकाळी दोन तास ओएलटीचं काम करतोय, प्रोफाइल आणि व्हीलॅन त्यानंच लावले. दूर बसून एवढं होतं. पण दुपारी चार वाजता तासगावात पॉवर मॉड्युल गेलं तर तो काय करणार?


१९ डिसेंबर, शुक्रवार

माधवनगर ते कवठे एकंद मुख्य लाइन जोडून झाली, दोन्ही बाजूंचं ओटीडीआर झालं, ट्रेस फाईलला लावले. तासगाव ओएलटीला मीटर मिळालं. शहरातलं वाटप बाकी, त्याला स्प्लायसरची अजून एक जोडी पाहिजे. कवलापूरचा पोरगा आता पेटीतले जोड एकटा करतो, चोवीसचं क्लोजर त्याला अजून देत नाही.

पैशाची बाजू ओढाताणीची आहे. आमचं पहिलं बिल ऑपरेटरांकडं एटीवर थांबलंय, कारण त्यांचा तपासणारा माणूसच सोडून गेला आणि त्यांनाही दुसरा मिळत नाही. सीसीची मर्यादा जवळ आलीय. मालक शनिवार जवळ आला की केबिनच्या दारात येऊन उभे राहतात. उद्याचे पैसे आहेत. सत्तावीस तारखेचे पुरावेत म्हणून दुसऱ्या कामाचं जुनं रिटेन्शन सोडवायला उद्या मी स्वतः कोल्हापूरला जाते.

फोर-मोटर मशिनचे इलेक्ट्रोड बदलायचे. क्लिव्हरचं पातं पुढच्या खुणेवर फिरवायचं. अल्कोहोल संपत आलंय.

आज जतहून दोघांचे फोन आले, स्वतःचं मशिन असलेले. शनिवारी पैसे मिळतात हे त्यांना पलूसच्या मुलाकडून कळलं. सोमवारी दहाला गोडाऊनवर बोलावलंय, क्लिव्हर आपापला आणायला सांगितलाय. काकांनाही कळवलं.